कानातला डॉक्टर

२०२५च्या गणपतीला बंगळुरूहून भाचा आला. दुर्ग स्टेशनपासून भिलाईतल्या नेहरूनगरच्या घरापर्यंत त्याने कानातली बोंडं काढली नाहीत. मी विचारलेल्या तीन प्रश्नांना त्याने "हो" म्हटलं, त्यातला एक प्रश्न "किती वाजता निघालास?" हा होता. जेवायला बसल्यावर बोंडं निघाली आणि पहिलं वाक्य आलं, "मामी, आठवा डॉक्टर टीव्हीवर पार वाया घालवला हो त्यांनी. पण कानात काय बहरलाय!"

मोदकावर तूप सोडता सोडता बायकोचा हात थांबला. "कानात? कधीपासून?"

"दोन हजार एकपासून."

"चोवीस वर्षं अंगावर काढलंस? आणि आठ-आठ डॉक्टर करून फरक नाही? उद्या सकाळी आधी सेक्टर नाइनला जाऊन नंबर लाव. मामा येतील सोबत."

भिलाईत डॉक्टर म्हटलं की सेक्टर नाइनचं हॉस्पिटल, दुसरा अर्थ नाही. पण भाच्याचा डॉक्टर विलायतेचा निघाला. 'डॉक्टर हू' नावाची बीबीसीची मालिका, २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झालेली. त्यातला डॉक्टर निळ्या पोलिसी खोक्यात बसून काळातून हिंडतो. नट थकला की डॉक्टर मरायला टेकतो आणि नवं शरीर घेऊन उठतो. हे मला चटकन समजलं. आमच्या कारखान्यात याला ट्रान्स्फर म्हणतात. टेबल तेच, खुर्ची तीच, बसलेला नवा, आणि जुन्याने दिलेला शब्द आपल्याला लागू नाही असं तो पहिल्याच दिवशी सांगून टाकतो.

१९८९ साली ही मालिका बंद पडली. शहाण्या माणसांनी दुसरं काही पाहिलं असतं. भक्तांनी तसं केलं नाही. १९९१पासून त्यांनी डॉक्टरच्या नव्या कादंबऱ्या लिहायला घेतल्या आणि जुलै १९९९पासून 'बिग फिनिश' नावाच्या कंपनीने त्याची श्राव्य नाटकं काढली, तीही मूळ नटांना घेऊन. आठवा डॉक्टर म्हणजे पॉल मॅकगॅन. बिचाऱ्याच्या वाट्याला १९९६चा एक टीव्ही चित्रपट आला आणि संपलं. पुढे २००१पासून तो फक्त आवाजात जगला. पडद्यावर परत दिसायला २०१३ उजाडलं, तेही सात मिनिटांसाठी, मरायला. मरताना त्याने त्या श्राव्य नाटकांतल्या सोबत्यांची एकेक करून नावं घेतली.

"मामा, मी रडलो हो," भाचा म्हणाला.

रडणारच. इतकी वर्षं टेम्पररी असलेल्यांना साहेबाने मरता मरता परमनंटची ऑर्डर दिली होती.

मला वाटलं, गोड माणसं आहेत, जीव लावतात, आपलं काय जातं? मग संध्याकाळी भाच्याचा शाळेतला मित्र आला. सेक्टर सहातला मल्याळी मुलगा, मराठी आपल्याहून शुद्ध. त्याचं म्हणणं, टीव्हीवर झालं तेच झालं, बाकी सगळं झालंच नाही. भाच्याचं म्हणणं, टीव्हीवरचं झालं आणि कानातलंही झालं, पण कादंबऱ्यांतलं झालं नाही. व्हिडिओ कॉलवर तिसरा होता. त्याच्या मते कादंबऱ्यांतलंही झालं, फक्त 'लंगबॅरो'पर्यंत.

ही 'लंगबॅरो' १९९७ची कादंबरी. तिच्यात असं उघड होतं की डॉक्टरच्या जातीची माणसं आईच्या पोटी जन्मत नाहीत, ती मागावर विणली जातात. माग म्हणजे अक्षरशः माग. एका वाड्यात पंचेचाळीस चुलत भावंडं, सगळी मागावरची. या मागावरून जगभरातले भक्त तेव्हापासून भांडताहेत. मी म्हटलं, "यात अशक्य ते काय? आमच्या इचलकरंजीच्या पाहुण्यांच्या घरात बाराही महिने हेच चालतं." पंचेचाळीस चुलत भावंडांचा वाडाही मी पाहिलेला आहे, त्याचा दावा अजून कोर्टात आहे. पण पोरं हसली नाहीत. भक्तांच्या समोर पहिली ऐच्छिक रजा विनोदबुद्धी घेते.

खरी गंमत पुढे. टीव्हीवाल्या मित्राला भाच्याने खिंडीत गाठलं. पॉल कॉर्नेलची १९९५ची 'ह्यूमन नेचर' ही कादंबरी २००७ला त्याच मालिकेत, त्याच नावाने आली. रॉब शिअरमनचं २००३चं 'ज्युबिली' हे श्राव्य नाटक २००५च्या 'डालेक' भागाचं बीज. मग हे खरं की खोटं?

मित्र शांतपणे म्हणाला, "टीव्हीवर आल्या दिवसापासून खरं. तोवर खोटं."

मी उठून त्याच्याशी हात मिळवला. चौतीस वर्षं मी ज्या नोटशीटांवर नोकरी केली, त्या सगळ्या याच तत्त्वावर चालत. खालून लिहिलेली गोष्ट वरची सही होईपर्यंत घडलेली नसते.

'स्टार वॉर्स'वाल्यांनी तर ही सही एकदम उलट्या दिशेने मारली. १९७८पासून निघालेल्या त्यांच्या डझनांनी कादंबऱ्या एप्रिल २०१४मध्ये एका घोषणेसरशी 'लेजंड्स' झाल्या. म्हणजे दंतकथा. म्हणजे सगळ्यांना एका रात्रीत व्हीआरएस. त्यात टिमथी झॅनने १९९१च्या कादंबरीत उभा केलेला थ्रॉन नावाचा निळा सेनापतीही गेला. दोनच वर्षांनी, २०१६मध्ये, नव्या कार्टून मालिकेला दमदार खलनायक मिळेना, तेव्हा त्याला सन्मानाने परत बोलावलं. निवृत्तीनंतर कंत्राटावर परत घेणं ही आमचीच एकट्याची प्रथा आहे असा माझा गैरसमज होता.

हे सगळं घरात राहिलं असतं. पण आमच्या मंडळात तिसऱ्या दिवशीच्या नाट्यसंगीताचा गवय्या नागपूरहून निघालाच नाही, आणि सचिव दारात येऊन उभे राहिले. "भाचा बोलतो म्हणे विज्ञानकथेवर. परिसंवाद ठेवून टाकू." विषय त्यांनीच फळ्यावर लिहिला: 'कथेची पिलावळ: अस्सल की प्रक्षिप्त?' उपस्थिती एकवीस, त्यातले सहा प्रसादासाठी लवकर आलेले आणि दोन वायरमन.

त्याच वर्षी मे महिन्यात जयंत नारळीकर गेले होते. त्यामुळे पहिले वक्ते उभे राहिले तेच भरल्या गळ्याने. सेक्टर दहाचे निवृत्त अधिकारी, नारळीकरांचे कट्टर भक्त. "त्या माणसाने 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवताना स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला आणि नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं. नावाच्या जोरावर बक्षीस नको म्हणून! पहिलं बक्षीस मिळवलं! आणि तुम्ही लोक दुसऱ्याचं पात्र उचलून त्याच्यावर नाटकं काढता? 'यक्षांची देणगी'तल्या एका तरी कथेचा कुणी भाग दोन काढला का? काढून दाखवा!" टाळ्या पडल्या. त्यांनी 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेचं नाव घेऊन स्टेजवरच्या मूर्तीकडे हात केला. आमच्या मूर्तीची सोंड डावी आहे, पण भावना पोचली.

मग धारपांचा गट उठला. योगायोग असा की नारायण धारपांची जन्मशताब्दी त्या वर्षी नेमकी गणेश चतुर्थीलाच आली, २७ ऑगस्टला. धारपांची पुस्तकं हल्ली मोबाइलवर ऐकायला मिळतात, आणि एका वहिनींची तक्रार होती की धारपांच्या कथांतल्या समर्थांचा आवाज असा नाहीच. सचिवांनी विचारलं, "मग कसा आहे?" वहिनी म्हणाल्या, "ते मला माहीत आहे." एवढं बोलून त्या बसल्या. संपूर्ण परिसंवादात मला हेच एक प्रामाणिक विधान वाटलं.

कारण माझंही तेच आहे. 'फास्टर फेणे'चा सिनेमा २०१७ला आला. अमेय वाघने काम चोख केलं होतं, तरी मी अर्धा वेळ खुर्चीत चुळबुळत होतो. माझा बन्या फेणे फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनात शिकणारा, सायकलवरचा. तो मोठा झालाच कसा? भा. रा. भागवतांना विचारलं होतं का? आणि त्याचं ते 'ट्टॉक्'! पुस्तकात 'ट्टॉक्' वाचताना आम्ही प्रत्येकाने जीभ टाळूला लावून आपापला आवाज काढलेला होता. माझा मी सेक्टर चारच्या क्वार्टरमध्ये, पोटमाळ्याखाली, उन्हाळ्याच्या सुट्टीत काढला होता. तो पडद्यावर कुणालाच जमला नाही. दूरदर्शनवर सुमीत राघवनलाही नाही. जमणार कसा? तो मी बारा वर्षांचा असताना काढलेला आवाज आहे, आता मलाही जमत नाही. भक्तांच्या शास्त्रात अस्सल म्हणजे जे बाराव्या वर्षी हाती लागलं ते. तेराव्या वर्षापासून पुढचं सगळं प्रक्षिप्त.

शेजारचे बंगाली दादा मराठी समजतं म्हणून येऊन बसले होते. त्यांना बोलायचंच होतं. सत्यजित राय यांच्या प्रोफेसर शोंकूच्या गोष्टी रेडिओवरच्या 'संडे सस्पेन्स'मध्ये नाट्यरूपात होतात. दादांच्या घरी त्यावरून दर रविवारी फूट पडते. आवाज कुणाचा असावा यावर त्यांचा धाकटा भाऊ दोन महिने बोलत नव्हता. "आमी विज्ञान मानतो," दादा म्हणाले, "पण आवाज चूक तर चूक!"

आता निवृत्त मराठीचे मास्तर उभे राहिले आणि सभेला पहिल्यांदाच व्याकरण आलं. त्यांनी थेट एकनाथांपासून सुरुवात केली. १५८४ साली नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कुणी आपली ओवी त्यात घुसडू नये म्हणून करवंटीची उपमा देऊन ताकीद ठोकली. "तेव्हा प्रक्षिप्त ते प्रक्षिप्त!" मास्तरांनी टेबलावर मूठ आपटली.

भाच्याला इथे सुचलं. तो म्हणाला, "सर, मग तीजनबाईंचं काय?"

सभा एकदम गप्प. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई म्हणजे भिलाईचं दैवत. गनियारी इथून हाकेच्या अंतरावर, आणि नोकरीला त्या आमच्याच पोलाद कारखान्याच्या हजेरीपटावर होत्या. २०१९ला पद्मविभूषण. पंडवानीत दोन शाखा आहेत हे इथे शेंबडं पोरही सांगतं. वेदमती शाखेचा गायक बसून, सबलसिंह चौहानांच्या महाभारताच्या पोथीला धरून गातो. कापालिक शाखेचा उभा राहतो, तंबोऱ्याची कधी गदा करतो, कधी धनुष्य, आणि कथा त्या वेळी जशी सुचेल तशी वळवतो. तीजनबाई कापालिक. एक माणूस, एक तंबोरा, आवाजात अख्खं कुरुक्षेत्र. "म्हणजे मूळ मालिकेवरून निघालेलं श्राव्य नाटकच की, सर!"

मास्तर म्हणाले, "ती लोककला आहे."

"साठ वर्षांनी आमचंही होईल."

मास्तरांनी पाणी मागितलं. वायरमनने टाळी वाजवली.

सचिवांनी मला निवाडा द्यायला सांगितलं, वयामुळे. मी ब्लास्ट फर्नेसचा माणूस. १९५९ला राजेंद्रबाबूंनी पहिली भट्टी सुरू केली, तिच्याच पंगतीतल्या भट्ट्यांवर माझा जन्म गेला. कास्ट हाऊसमध्ये टॅप होल उघडला की लोखंड आणि स्लॅग एकाच भोकातून, एकाच चालीत, एकाच रंगात बाहेर पडतात. नवा पोरगा पाहत राहिला तर त्याला फरक कळत नाही. पुढे चरात स्किमर आडवा बसवलेला असतो. जड लोखंड त्याच्या खालून निघून जातं, हलका स्लॅग वर अडतो आणि बाजूच्या चराने वळवला जातो. तिथे त्याच्यावर पाण्याचा मारा होतो, त्याचे वाळूसारखे दाणे होतात आणि ते जामुलकडे सिमेंटला जातात. लोखंडाने कधी स्लॅगला "तू आमचा नाहीस" म्हटल्याचं मी ऐकलं नाही. तशी भांडणं क्वालिटी कंट्रोल करतं, तेही एसीत बसून. त्या लोखंडाचे रूळ माझ्या घराला कुणी लावले नाहीत, भिंती मात्र त्याच सिमेंटच्या आहेत.

"म्हणजे निकाल काय?" सचिव.

"आरती करा."

मागून आवाज आला, "काय बोलून राहिला हा? इकडचा ना तिकडचा!" आवाज सेक्टर दहाचा होता.

रात्री भाच्याने शेवटचं अस्त्र काढलं. बीबीसीने जागा आणि टेप वाचवायला जुन्या मालिकेचे कितीतरी भाग पुसून टाकले. शंभराच्या आसपास भागांची चित्रं गेली. पण त्यांचा आवाज शिल्लक आहे, कारण तेव्हाच्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो घरी भरून ठेवला होता. "चित्र बीबीसीने घालवलं मामा, आवाज भक्तांनी राखला." यावर मी काही बोललो नाही. ताईच्या, म्हणजे त्याच्याच आईच्या, लग्नाच्या कॅसेटवर मी १९८७ साली क्रिकेटची कॉमेंट्री भरलेली आहे. हे त्याला अजून माहीत नाही.

तो गेला. जाताना माझ्या मोबाइलवर चार नाटकं टाकून गेला. पहाटे मैत्रीबागेकडे फिरताना ऐकतो. माझं अजून कुणाला न सांगितलेलं मत असं की आठवा ठीक आहे, पण खरा कानातला डॉक्टर सहावा, कॉलिन बेकर. टीव्हीवर त्याला रंगीबेरंगी कोट घालून बसवला होता, त्यात माणूस दिसलाच नाही. आवाजात कोट दिसत नाही. बायको हाक मारते ते ऐकू येत नाही, म्हणून तिने माझा नंबर सेक्टर नाइनला लावला आहे.

ता. क. परिसंवादानंतर मंडळाचं पुस्तकांचं कपाट उघडलं, तर 'यक्षांची देणगी' जागेवर नाही. रजिस्टरमध्ये तिच्यापुढे शेवटची सही १९९८ची आहे. सही सेक्टर दहाची आहे, नाव छापत नाही. दसऱ्याच्या आत पुस्तक आणून द्यावं, दंड माफ.