पट्टी घ्या, पापलेट मोजा

सप्टेंबर 2023 मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. आपल्याकडे कुणाला मान मिळाला की पाठोपाठ त्याची फाईल उघडते, तशी याचीही उघडली. नोव्हेंबरात सरकारने 54 जातींच्या मासळीची किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180. एक मिलिमीटर कमी भरला की मासा अल्पवयीन. धरू नका, विकू नका.

यामागचे शास्त्र खणखणीत आहे. माशाने एकदा तरी अंडी घालावीत आणि मगच कालवणात उतरावे, याला कोण नाही म्हणेल? पोर मासळी मारून मारून पापलेट कमी झाले हे कोळ्यांनाही ठाऊक आहे. संशोधन संस्थेने सांगायच्या आधीपासून ठाऊक आहे. पण कायदा लिहिला जातो टेबलावर, आणि टेबलावर मासा सरळ आडवा पडून राहतो.

पाचूबंदरला तसे होत नाही. वसईच्या किल्ल्यापलीकडच्या या बंदरात डोल मारणारा कोळी माशामागे धावत नाही. तो लांब, निमुळते जाळे पाण्याच्या धारेला तोंड करून लावतो आणि थांबतो. धार जे आणील ते जाळ्याच्या टोकाला खोळीत जमते: बोंबील, मांदेली, जवळा आणि त्यांच्यासोबत आलेली शेजारपाजारची पोरे. आता भरतीला नोटीस काढायची कुणी? जाळ्याचे आस मोठे ठेवले तर पोरे सुटतील हे खरे, पण मग जवळाही त्यांचा हात धरून निघून जाईल आणि खोळीत उरेल तो नियम.

किनाऱ्यावर बोंबील वाळत असतात. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी बांबूवर टाकायची, की एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. उन्हाने दोघेही अंग चोरतात. पट्टी घेऊन आलेल्या साहेबाला इथली एखादी मावशी विचारील, "साहेब, ओला मोजायचा का सुका?" आणि साहेब वरून मार्गदर्शन मागवतील.

आता गिऱ्हाइकाकडे वळू. 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा आला, 2019 साली नवा आला, आणि मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, किंमत सगळे जाणून घेण्याचा हक्क त्याला मिळाला. हा हक्कदार राजा रविवारी सकाळी गाडी लावून टोपलीसमोर उभा राहतो. काय जाणून घेतो?

"मावशी, एवढे मोठे नकोत. ताटात अख्खे बसेल असे दाखवा. वाटा केवढ्याला?"

एका दमात दोन कायदे निकालात निघाले. 2009 चा वैधमापन कायदा म्हणतो, भाव सांगायचा तो किलोत नाहीतर नगात. वाटा हे माप त्याच्या वहीत नाही. आणि ताटात अख्खे बसेल ही लांबी कोणत्या अधिसूचनेत आहे? महाराष्ट्रातल्या पापलेटचे आयुष्य खरे तर हॉटेलच्या थाळीचा व्यास ठरवतो. पण थाळीवर धाड पडल्याचे तुम्ही कधी ऐकलेत? टोपली खाली ठेवलेली असते आणि बाई पळत नाही, त्यामुळे तपासणीला तीच सोयीची.

समुद्रातले काम जरा अवघड. झगझगीत दिवे सोडून रात्री मासळी गोळा करणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राने 2017 सालीच बंदी घातली. तरी दिवे विझेनात, म्हणून जानेवारी 2025 पासून राज्याने ड्रोन उडवले. ड्रोनला वरून दिवा दिसतो, बोट दिसते. बोट कुणाची हे दिसायला वेगळा कॅमेरा लागत असावा.

किनाऱ्याने वर डहाणूजवळ मात्र मापच बदलते. तिथल्या समुद्राला मच्छीमार गोल्डन बेल्ट म्हणतात, कारण तिथली मासळी, विशेषतः पापलेट. त्याच पट्ट्यात वाढवण बंदर येणार आहे. जून 2024 मध्ये केंद्राने 76,220 कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, ऑगस्टअखेर पालघरला पायाभरणी झाली. समुद्रात भराव किती? 1,448 हेक्टर. म्हणजे पापलेटच्या पोराला कुणी हात लावायचा नाही; लावायचाच असेल तर हेक्टरात लावावा, त्याला पर्यावरण मंजुरी मिळते.

कोळी ओरडले. पण सरकार काही दगडाचे नाही. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कर्ज, वीज, विमा, जे शेतकऱ्याला ते मच्छीमाराला. चांगला निर्णय, बाजूला ठेवू नका. फक्त शेतकऱ्याचे शेत प्रकल्पात गेले तर तो निदान सातबारा तरी फडकवतो. कोळ्याने काय फडकवावे? पिढ्यान्‌पिढ्या जिथे डोल लावली त्या पाण्याला ना गट नंबर, ना गुंठे.

तेव्हा सरकारला आमची नम्र सूचना: दर्जा दिलाच आहे, तर सातबाराही द्या. तलाठी आणि मोजणीवाले यांना पाचूबंदरच्या होडीत बसवा. मोजणी ओहोटीला करावी, हरकती भरतीला ऐकाव्यात. नवी यंत्रे नकोत, मत्स्य खात्याची मिलिमीटरची पट्टी चालेल. वाढवणचे 1,448 हेक्टर तेवढे त्याच पट्टीने आधी मोजायला घ्या. मोजून होईपर्यंत पापलेटच्या दोन-चार पिढ्यांची अंडी निवांत घालून होतील.