काका, तीनशे आला!

कचेरीतल्या जुन्या बाबूला आपण उगाच नावं ठेवली. तो 'नाही'च म्हणायचा, पण कसं! "फेरफार लागला नाही. तलाठ्याकडे जा, बाजाराच्या दिवशी सापडतात. येताना दोन झेरॉक्स आणा." काय अडलं, कोणाला भेटायचं, सोबत काय न्यायचं, सगळं एका नकारात. चहा पाजला की काम कधी होईल, तेही कळायचं.

आता त्याच्या जागी स्क्रीन आली. ती चहा घेत नाही, हा तिचा मोठेपणा. २०१७च्या कर्जमाफीपासून ऑनलाइन अर्जांचा जो धडाका लागला, तो ई-पीक पाहणी, पीक विमा करत करत २०२५च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस विकण्यापर्यंत आला. त्यालाही आता 'कपास किसान' अॅप. यवतमाळचा कास्तकार पेरतो एकदा, नोंदतो चारदा.

परवा एका केंद्रावर एक काका पीएम-किसानच्या ई-केवायसीसाठी अंगठा दाबत होते. उभा जन्म डवरणी-निंदणीत गेलेला. अंगठ्याला रेषा उरणार कुठून? स्क्रीनवर लाल इंग्रजी ओळ उमटली.

"काका, तीनशे आला," केंद्रावरचा पोरगा म्हणाला.

"तीनशे? दोन हजाराचे तीनशेच काऊन बावा?"

३०० हा आधारचा त्रुटी क्रमांक. अर्थ एवढाच, की ठसा जुळला नाही. हा क्रमांक प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी असतो. समोरच्या माणसाला काय सांगावं, हे तांत्रिक पुस्तिकेत शेजारीच सुचवलेलं असतं. पण क्रमांक तेवढा यवतमाळपर्यंत पोचतो, वाक्य वाटेत धामणगाव स्टेशनलाच उतरून जातं.

नाही तर लिहायला किती लागतं? 'ठसा जुळला नाही. हात पुसून दुसरं बोट लावा. तेही नाही जमलं तर मोबाईलवर चेहरा दाखवा.' चेहऱ्याची सोय पीएम-किसानच्या अॅपमध्ये २०२३पासून आहे. स्क्रीन मात्र याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आधारच्या त्रुटींच्या त्याच यादीत ९९९ही आहे : अज्ञात त्रुटी. आपल्याला काहीच ठाऊक नाही, यालाही रीतसर क्रमांक! बाबूची गादी चालवावी तर अशी.

पोरगा अनुभवी होता. "काका, बोट जरासं केसात घासा, मंग लावा."

काकांनी टोपी काढली, टकलावरून हात फिरवला.

"घे. इथंबी डाटा नाही."