आडवी चावी

मोर्स म्हणजे टिंब आणि रेघ, आणि ती वाजवायला चावी वरून खाली दाबायची, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. जुन्या पोस्टातली ती कडकट्ट. तसल्या सरळ चावीवर मिनिटाला 8 शब्दांची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मी मिळवला. मोर्सशिवाय मिळणारा, थोड्या कमी अधिकाराचा परवानाही असतो. शहाणी माणसं तो घेतात. मला मात्र पुढे साइडस्वायपरचा, म्हणजे आडव्या चावीचा नाद लागला.

ही चावी दाबायची नसते, ढकलायची असते. मधे एक पट्टी, दोन्ही बाजूंना एकेक खिळा. कुठंही टेकली तरी आवाज. मात्र आत्ता डावीकडे टेकलात, तर पुढचं टिंब किंवा रेघ उजवीकडेच. रेघ टिंबाच्या तिप्पट लांब, आणि ते माप हातानंच द्यायचं. सारखं इकडून तिकडे जायचं आणि जाताना अडखळायचं नाही, हे कसब आमच्याकडच्या पुढाऱ्यांना उपजत असतं. मला शिकावं लागलं.

दिवसभर चावी ठोकून तारमास्तरांची मनगटं जायची, म्हणून अमेरिकेत 1888 च्या सुमारास बनेल कंपनीनं ही चावी काढली. पुढे सोव्हिएत रेडिओवाल्यांनी ती हॅक्सॉच्या पात्यापासून घरीच केली आणि तिला ‘करवत’ म्हणू लागले. हे वाचल्यावर विकत घेण्याचा प्रश्नच उरला नाही. दुकानदारानं पातं देताना विचारलं, “काय कापायचंय?” म्हटलं, “कापायचं नाही, बोलायचंय.” त्यानं सुट्टे पैसे जरा लांबूनच दिले.

सरावाला रात्र बरी, असं मला वाटलं होतं. पण सास्तूर, किल्लारी आमच्या जवळचीच गावं. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली, ते रात्री कसलीही गुरगुर आली की कारण विचारत बसत नाहीत, आधी अंगणात येतात. बझर सुरू झाला तशी आई बाहेर जाऊन उभी राहिली.

“काय वाजवायलास रे?”

“गावाचं नाव.”

“मग दिवसा वाजव की. गाव काय पळून चाललंय का?”

तेव्हापासून कानाला हेडफोन. त्यामुळे आपण काय वाजवतो ते फक्त आपल्यालाच ऐकू येतं, आणि ते ऐकणं फारसं सुखाचं नव्हतं. आमचं गाव माकणी. ते रोमन लिपीत लिहायचं तर एम, ए, के, ए, एन, आय: सात रेघा, सहा टिंबं. सरळ चावीवर दोन अक्षरांमधे हात आपसूक उसंत घेतो. आडवीवर त्याला झोक्याची चटक लागते, अक्षर संपल्याचं भानच राहत नाही. एम आणि ए चिकटले की क्यू होतो. के आणि ए चिकटले की ‘संदेश सुरू होतोय’ अशी अधिकृत खूण होते. एन आणि आय चिकटले की बी. म्हणजे मी म्हणायचं माकणी, आणि ऐकणाऱ्यानं लिहून घ्यायचं: क्यू, संदेश सुरू होतोय, बी. तेरणेवरचं एवढं धरण पोटाशी घेऊन बसलेलं गाव, माझ्या मनगटानं नकाशावरून उडवलं.

शेवटी लोडशेडिंगची रात्र बघून हवेत उतरलो. आजूबाजूच्या मोटारी बंद, रेडिओवर खरखर नाही. लाइट गेल्यावर खूश होणारा गावात मी एकटाच असेन. बॅटरीवर सेट लावला, हाक दिली. बऱ्याच वेळानं कुणीतरी उत्तर दिलं: क्यूएसडी. तुमची चावी नीट वाजत नाही, हे सांगायला जगानं ही तीन अक्षरं ठरवून ठेवली आहेत. म्हणजे अशी तक्रार करावी लागणारे माझ्याआधीही भरपूर असणार.

आई दारात उभी होती. “काय म्हनला त्यो?”

“काही नाही, तब्येतीची चौकशी केली.”

“चांगला मानूस दिसतोय. चहाला बोलव म्हनावं.”

ते पाठवायला घेतलं तेव्हा तो निघून गेला होता.