गुरुवारची सुट्टी आणि कोडगू

दापोडीत सहलीचं ठिकाण ठरवणं सोपं. अवघड असतो तो वार. आमच्या पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार सांभाळायला कधीकाळी पडलेली ही पद्धत, आता ती अंगात मुरली आहे. मुलीच्या शाळेला सुट्टी रविवारी. बायको बँकेत, म्हणजे रविवार आणि वर दुसरा-चौथा शनिवार. त्यामुळे आमच्या घरात 'सगळे घरी' हा योग पंचांगात वेगळा छापायला हवा. अशा घरात 'यंदा कोडगूला जायचं' हा ठराव एका संध्याकाळी, एकमताने, पोह्यांच्या बशा उचलायच्या आत मंजूर झाला. 'कधी' हा प्रश्न मात्र पुढे कित्येक महिने चालला.

कोडगू म्हणजे जुनं कूर्ग. कर्नाटकाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला हा डोंगराळ जिल्हा १ नोव्हेंबर १९५६पर्यंत स्वतंत्र राज्य होता. पुणे जिल्ह्याचा साधारण पाव भाग भरेल एवढं राज्य, पण त्याला स्वतःचा मुख्यमंत्रीही होता. आणि या जिल्ह्यात आजही रेल्वे नाही. हे कळल्यावर आमच्या घरात शांतता पसरली. दापोडीच्या माणसाला रेल्वे नसलेला जिल्हा डोळ्यांपुढे आणता येत नाही. लोणावळा लोकलच्या भोंग्यावर आमच्याकडे कुकर बंद होतो. मडिकेरीला जायचं तर म्हैसूरला उतरायचं आणि पुढचे एकशेवीसेक किलोमीटर रस्त्याने.

रस्ता म्हटल्यावर शेजारचे काका आलेच. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून ते निवृत्त झाले. त्यांना देश डेपोंच्या क्रमाने पाठ आहे. "स्वारगेट सोडलं की सातारा, कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी," असं म्हणत त्यांनी आमच्या टीपॉयवर बोटाने रस्ता काढला. हुबळीनंतर बोट थबकलं. तिथून दावणगेरीकडे सरळ राहायचं की शिमोगा-हासनकडे वळायचं, यावर त्यांनी चहाचा दुसरा कप घेतला. एकूण अंतर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. "कर्नाटकच्या गाड्यांची बॉडी चांगली असते," हे त्यांनी जरा खालच्या आवाजात कबूल केलं. चव्वेचाळीस खुर्च्यांच्या लाल गाडीला आयुष्य दिलेल्या माणसाने असं म्हणणं सोपं नव्हे.

मग त्यांनी खरा प्रश्न टाकला. "पण मी म्हणतो, महाबळेश्वर काय वाईट आहे?"

उत्तर शोधायला गेलो आणि पंचाईत झाली. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३७२ मीटर. मडिकेरी त्याहून दोनेकशे मीटर खाली. पाऊसही महाबळेश्वरलाच जास्त. आमची बाजू सावरली ती ताडियांडमोलने. कोडगूतलं हे सर्वांत उंच शिखर १,७४८ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा शंभरेक मीटर सरस. आता ते कोण चढणार आहे, हा प्रश्न काकांनी विचारला नाही आणि आम्हीही काढला नाही.

माहितीपत्रकं कोडगूला 'भारताचं स्कॉटलंड' म्हणतात. मला या उपाधीची गंमत वाटते ती वेगळ्याच कारणाने. आमच्या दापोडीत एकेकाळी खरीखुरी स्कॉटिश माणसं हिरवाईच्या नादाने राहून गेली आहेत. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम, ज्याच्या नावाने महाबळेश्वरला माल्कम पेठ झाली, त्यानेच इथली फोर्ड नावाच्या एका कॅप्टनची जागा सरकारसाठी घेतली आणि १८२८मध्ये इथे सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. पावसाळ्यात मुंबईचे गव्हर्नर हवापालटाला दापोडीला यायचे! हे वाक्य मी काकांना दोनदा वाचून दाखवलं. इथल्या हॅरिस पुलावर संध्याकाळी सहा वाजता अडकलेल्या माणसाला ते एकदा ऐकून पटत नाही.

त्या उद्यानाचा प्रमुख होता अलेक्झांडर गिब्सन, तोही स्कॉटिश. १८४७मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याने एका देशी चित्रकाराकडून इथल्या झाडाफुलांची चित्रं काढून घेतली. चित्रकाराचं नाव कोणी नोंदवलं नाही, आपल्याकडे ते चालतंच. ती चित्रं आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात 'दापुरी ड्रॉइंग्ज' म्हणून जपून ठेवली आहेत. म्हणजे हिशोब असा: दापोडीची झाडं स्कॉटलंडात, आणि दापोडीची माणसं स्कॉटलंड शोधायला कोडगूत. उद्यान पुढे गणेशखिंडीकडे गेलं, आणि आमच्याकडे आले कारखाने, वर्कशॉप आणि आता मेट्रो. तक्रार नाही. कारखान्यांमुळेच तर आम्ही इथे आहोत आणि सहलीला पैसे आहेत.

परत तारखेकडे येतो, कारण खरी गोम तिथेच होती. कोडगू दर महिन्याला वेगळं असतं. तारीख ठरवायची म्हणजे घरातल्या कोणाचं कोडगू पाहायचं ते ठरवायचं.

आईचं कोडगू म्हणजे तळकावेरी. आंघोळीच्या श्लोकातल्या सात नद्यांत शेवटचं नाव कावेरीचं. आयुष्यभर बादलीत बोलावलेल्या नदीला एकदा तिच्या घरी जाऊन भेटायचं, एवढंच आईचं म्हणणं. तेही साध्या दिवशी नाही. ऑक्टोबरच्या मध्यात तूळ संक्रांतीला ब्रह्मगिरीवरच्या लहानशा कुंडात कावेरी उसळून येते अशी श्रद्धा आहे, आणि त्या मुहूर्ताला तिथे मोठी गर्दी लोटते. मी म्हटलं, "आई, आपल्याकडेही मुळा-पवनेचा संगम आहे, पाच मिनिटांवर." सह्याद्रीत उगम पावून पूर्वेच्या समुद्राला जायचं, हे कावेरीचं आणि पवनेचं सारखंच. आईने शांतपणे विचारलं, "त्या श्लोकात पवना आहे का?" नाही. आमची भीमासुद्धा नाही. मुद्दा संपला.

बायकोला कॉफीचा फुलोरा पाहायचा होता. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची एक चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांनी मळेच्या मळे एकदम पांढरे होतात, जाईसारखा वास सुटतो आणि दोन-चार दिवसांत सगळं संपतं. ऐकायला सुंदर. पण रजेच्या अर्जावर काय लिहायचं? 'म्हैसूरच्या पश्चिमेला पाऊस पडल्यापासून नवव्या दिवशी, चार दिवस'? आमच्या साहेबांचा निसर्गावर विश्वास आहे, पण इतका नाही. शिवाय मार्च म्हणजे मुलीची परीक्षा आणि बायकोच्या बँकेचं वर्षअखेर. तिचंच स्वप्न तिच्याच लेजरने मारलं. आता मोठे मळेवाले पावसाची वाट न पाहता तुषार सिंचनाने फुलोरा घडवून आणतात म्हणे. म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंग तिथेही आलंच.

मुलीला दुबारेचे हत्ती पाहायचे होते, आणि ते तिला कुठल्याही महिन्यात चालणार होते. घरातली सर्वांत समंजस मागणी हीच.

पावसाळ्याचं नाव मात्र कोणी काढू नये. ऑगस्ट २०१८मध्ये या जिल्ह्यात दरडींनी घरं, मळे, रस्ते नेले. शेजारच्या वायनाडमध्ये ३० जुलै २०२४च्या पहाटे दरडींनी जे केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. दरडीखाली गेलेलं माळीण आमच्याच जिल्ह्यातलं. आम्हाला हे वेगळं सांगावं लागत नाही. धुक्यातले फोटो काढायला दरडीखाली उभं राहण्याची हौस मला तरी चुकीची वाटते, तिथल्या लोकांनी मदतीचं काम सोडून आपल्याला शोधायचं का?

जेवणावरही चर्चा झाली. कोडव लोकांची प्रसिद्ध पंदी करी डुकराच्या मटणाची, काचमपुळी नावाचं काळं आंबट घालून केलेली. मी आणि मुलगी तयार, आई गप्प. मग अक्की रोट्टीचं वर्णन वाचून दाखवलं. "म्हणजे तांदळाची भाकरीच की," आई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सहल दिसली.

काकांचा विरोध मावळला तो वेगळ्याच दाराने. सीएमईच्या, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, भिंतीला लागून आयुष्य गेल्यामुळे फौजेबद्दल त्यांना घरच्यासारखा जिव्हाळा आहे. १५ जानेवारी १९४९ला भारताचे पहिले भारतीय सरसेनापती झालेले करिअप्पा कोडगूचे, आणि पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल थिमय्याही तिथलेच, हे सांगितल्यावर ते सावरून बसले. करिअप्पांच्या त्या दिवसाची आठवण म्हणून सेना दिन साजरा होतो, आणि २०२५मध्ये त्याचं संचलन झालं ते पुलापलीकडे, खडकीच्या बीईजी या लष्करी केंद्रात. "मग जाऊन या," काका म्हणाले. "तिकडची माणसं शिस्तीची असणार."

शेवटी तारीख ना आईने ठरवली, ना बायकोने. ठरवली कंपनीच्या शटडाऊनने. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, मशिनं बंद, देखभालीची माणसं सोडून सगळ्यांना सुट्टी, शाळेलाही नाताळची. अर्ध्या देशाला तोच आठवडा मोकळा असल्यामुळे होमस्टेचे दर ऐकून आम्ही मडिकेरीऐवजी कुशालनगरला मुक्काम धरला. कावेरी बाराही महिने तिथेच उगम पावते, असं मी आईला पटवलं. "उगम बारा महिने असतो रे, मुहूर्त एकच," ती म्हणाली, पण बॅग भरायला काढली. फुलोऱ्याऐवजी बायकोला कॉफीची लाल पिकलेली फळं दिसतील, कारण तेव्हा तोडणी चालू असते.

तुम्हीही ठरवत असाल तर ठिकाणावर वेळ घालवू नका. आधी कॅलेंडर काढा, जून ते सप्टेंबर खोडा, आणि उरलेल्यात घरातल्या कोणाचं म्हणणं चालणार ते भांडून घ्या. आणि मार्चमध्ये रजा मिळालेलं कोणी भाग्यवान असेल, तर फुलोरा कसा दिसतो ते आमच्या घरी येऊन सांगा. चहा मिळेल, कॉफी जानेवारीनंतर.