प्रणालीकाराची लक्षणे

ज्यांना संगणकाची भाषा येत नाही अशा माणसांनाही संकेतस्थळावरील मजकूर, चित्रे आणि सूचना स्वतःच्या हाताने चढवता, बदलता आणि काढून टाकता याव्यात, यासाठी पडद्यामागे जी यंत्रणा बसवलेली असते तिला आशय-व्यवस्थापन प्रणाली किंवा व्यवहारात नुसते सीएमएस असे म्हणतात. शाळेच्या कार्यालयातील लिपिक आणि शाळेचे संकेतस्थळ यांच्यामध्ये उभा असलेला संगणकतज्ज्ञ बाजूला व्हावा, एवढेच या यंत्रणेचे प्रयोजन आहे. अशा प्रणाली आयत्या, फुकट आणि मुबलक मिळत असतानाही ती आरंभापासून स्वतःच, आणि शक्यतो एकट्याने, लिहिण्याचा निर्धार करणारा जो मनुष्यविशेष पुणे, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या शहरांत आढळतो, त्याला प्रस्तुत विवेचनापुरते प्रणालीकार म्हणता येईल.

प्रणालीकार दिवसा हिंजवडीतील एखाद्या मोठ्या कंपनीत परदेशी बँकेच्या सॉफ्टवेअरमधील एका लहानशा कोपऱ्याची देखभाल करतो, किंवा जिच्या नावात 'इन्फोटेक' हा शब्द आहे आणि कर्मचाऱ्यांत तो स्वतः व त्याचा चुलतभाऊ एवढेच आहेत अशी फर्म चालवतो. पहिल्याला वर्षानुवर्षे दुसऱ्याने आखलेल्या चौकटीत काम करावे लागल्यामुळे, तर दुसऱ्याला कोणतीच चौकट परवडत नसल्यामुळे, मुळापासून काही तरी स्वतःचे घडवण्याची ओढ लागलेली असते. त्याच्याकडे काम येते ते निविदेतून नव्हे तर नात्यागोत्यातून: मामेसासरे ज्या शिक्षणसंस्थेवर विश्वस्त आहेत तिचे संकेतस्थळ, आत्या ज्या पतसंस्थेची सभासद आहे तिचे, किंवा गणेशोत्सवात ओळख झालेल्या संपादकांच्या दिवाळी अंकाचे. मोबदला शाल, श्रीफळ आणि बंद पाकीट या स्वरूपात असतो, आणि पाकिटातील रक्कम पाहता शाल हाच त्यातील मौल्यवान भाग ठरतो, ही गोष्ट प्रणालीकाराच्या बाजूने आधीच नोंदवून ठेवणे न्याय्य होईल.

आयत्या प्रणालींविषयीचा त्याचा आक्षेप शास्त्रार्थाच्या थाटात मांडला जातो. त्यांतील सर्वांत प्रचलित म्हणजे २००३ साली निघालेली वर्डप्रेस. तिची संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि वाटावी अशा मुक्त परवान्याखाली ती मिळते, आणि जगातील संकेतस्थळांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास स्थळे तिच्यावर चालतात. हा आकडा पुढे ठेवला असता प्रणालीकार विचलित होत नाही. "फार जड आहे हो सर ते," असे तो विश्वस्तांना सांगतो, "आपल्याला त्यातलं दहा टक्केसुद्धा लागणार नाही. आपलं हलकं, सुटसुटीत करू. दोन शनिवार-रविवारचं काम आहे." दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. प्रसिद्ध प्रणालीवर जगभरचे हल्लेखोर टपलेले असतात आणि तिला जोडलेल्या प्लगइनांतून, म्हणजे त्रयस्थांनी लिहिलेल्या पुरवण्यांतून, ते आत शिरतात हे खरेच आहे. परंतु त्यावरून प्रणालीकार जो निष्कर्ष काढतो तो असा की, ज्या प्रणालीचे नावही कोणाला ठाऊक नाही ती अभेद्य होय. तिसरा आक्षेप तो बोलून दाखवत नाही, आणि खरा तोच आहे: आयती प्रणाली आपल्या गरजेनुसार वळवायची तर दुसऱ्याने लिहिलेली संहिता वाचावी लागते. मराठीत कविता लिहिणाऱ्यांच्या मानाने कवितासंग्रह विकत घेणारे जसे थोडे, तसेच या क्षेत्रातही लिहिण्याच्या हौसेला वाचण्याच्या सवयीची जोड क्वचितच मिळते. दुसऱ्याची चार पाने चाळताच प्रणालीकाराला ती ओबडधोबड वाटतात आणि आपण याहून नीट लिहू अशी त्याची खात्री पटते. ही खात्री साफ चुकीची असते असेही नाही. पहिल्या दोनशे ओळींपर्यंत ती बहुधा खरी ठरते.

रचनेचा आरंभ नामकरणाने होतो. पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच प्रणालीला एक संस्कृत नाव दिले जाते, ज्यात किमान एक अवघड जोडाक्षर असते आणि ते पुढे त्याच प्रणालीत नीट उमटत नाही. त्यानंतरचा पहिला शनिवार हा प्रणालीकाराच्या आयुष्यातील परम सुखाचा काळ होय. डेटाबेसमध्ये, म्हणजे माहिती ओळी-रकान्यांत साठवणाऱ्या कोठारात, 'लेख' नावाचे एक टेबल तयार होते, त्यात शीर्षक, मजकूर आणि दिनांक असे तीन रकाने पडतात, आणि संध्याकाळच्या आत एक सूचना लिहून ती पडद्यावर झळकवता येते. संस्थेची गरज वास्तविक येथेच संपलेली असते. परंतु रविवारी विचार सुरू होतो. सूचनेला विभाग हवा, विभागाला उपविभाग हवा, आणि उपविभागालाही उपविभाग का नसावा असा प्रश्न पडताच विभागांची वंशावळ कितीही पिढ्यांपर्यंत नेण्याची तजवीज होते. मग असे लक्षात येते की लेख, सूचना, छायाचित्र आणि शोकसंदेश ही सर्व मूलतः एकाच तत्त्वाची रूपे आहेत. या अद्वैताचा साक्षात्कार झाला की 'लेख' हे टेबल मोडून त्या जागी 'वस्तू', 'गुणधर्म' आणि 'मूल्य' अशी तीन टेबले येतात, ज्यांत विश्वातील कोणताही पदार्थ साठवता येतो, मात्र साधी एक सूचना वाचायची झाली तरी तिन्ही टेबले पुनःपुन्हा धुंडाळावी लागतात.

अधिकारांची उतरंड याच सुमारास रचली जाते. लेखकाने लिहावे, संपादकाने तपासावे, मुख्य संपादकाने मंजूर करावे आणि प्रशासकाने सर्वांवर लक्ष ठेवावे, अशी मोठ्या वृत्तपत्राला शोभेल अशी व्यवस्था तो सिद्ध करतो. संस्थेत मात्र या चारही पदांवर कार्यालयातील एकच मॅडम असतात. त्यामुळे त्यांना लेखक म्हणून लॉगिन करून सूचना लिहावी लागते, बाहेर पडून संपादक म्हणून पुन्हा आत येऊन ती वाचावी लागते, आणि प्रसंगी चुकीचे बटण दाबले गेल्यास 'सुधारणा आवश्यक' या शेऱ्यासह ती स्वतःकडेच परत पाठवावी लागते.

खरी कसोटी लागते ती देवनागरीपाशी, आणि येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. संस्थेचा जुना मजकूर श्री-लिपी किंवा शिवाजी यांसारख्या टंकांत लिहिलेला असतो. तशा जुन्या टंकांत संगणकाच्या लेखी रोमन अक्षरे व चिन्हेच साठत आणि टंक त्यांना केवळ देवनागरी रूप देत असे. १९९१ सालापासून युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत देवनागरीच्या वर्णांना आणि मात्रांना स्वतःचे क्रमांक मिळालेले असले, तरी कार्यालयातील संगणकापर्यंत ती वार्ता पोचायला बराच अवधी गेला. दोहोंमधील रूपांतराची आयती साधने उपलब्ध आहेत. प्रणालीकार अर्थातच स्वतःचे लिहितो. जुन्या टंकात ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी टंकित होतो आणि युनिकोडमध्ये तो व्यंजनानंतर साठवला जातो, हे ध्यानात घेऊन तो प्रत्येक इकाराला एक घर पुढे सरकवतो. जोडाक्षरापाशी त्याला संपूर्ण जोडाक्षर ओलांडू द्यायला हवे होते हे नंतर कळते, आणि तोवर संस्थेच्या सद्यस्थितीचा अहवाल 'सद्यसि्थती' या मथळ्याखाली प्रसिद्ध झालेला असतो.

त्यानंतर डेटाबेसची पाळी येते. मायएसक्यूएल हा या वर्गाचा आवडता डेटाबेस एका स्वीडिश कंपनीने घडवलेला असल्यामुळे, वेगळे काही सांगितले नाही तर पश्चिम युरोपातील अक्षरे आणि स्वीडिश वर्णक्रम गृहीत धरण्याची त्याची रीत बराच काळ कायम होती. अशा टेबलात मराठी मजकूर घातला की ओळखता न आलेल्या प्रत्येक चिन्हाऐवजी एक प्रश्नचिन्ह साठवले जाते. मात्रा आणि हलन्त यांची गणना स्वतंत्र चिन्हांत होत असल्याने 'मुख्याध्यापिका' या शब्दाची १४ प्रश्नचिन्हे होतात, आणि संस्थेच्या पहिल्या पानावर त्या पूजनीय बाईंच्या छायाचित्राखाली ती ओळीने उभी राहतात. हा दोष दुरुस्त झाला तरी एक सूक्ष्म दोष उरतोच. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट जागा लागते. पहिल्या पानावरील पट्टीत मावावे म्हणून प्रणालीकार सूचनेचे शीर्षक ६० अक्षरांनंतर तोडतो, परंतु पीएचपी या संगणकभाषेतील ज्या फंक्शनने तो ते तोडतो ते अक्षरे न मोजता बाइट मोजते. 'उद्या शाळेला सुट्टी नाही' हे शीर्षक ६६ बाइटांचे असल्याने पट्टीवर 'उद्या शाळेला सुट्टी ना' एवढेच उमटते. विद्यार्थी या वाक्याला होकारार्थी उत्तर देतात.

प्रणाली कार्यान्वित झाल्यावर तिची माहितीपुस्तिका लिहिण्याचा बेत असतो, परंतु प्रणालीच्या प्रत्येक बटणाचा अर्थ प्रणालीकाराला पाठ असल्यामुळे पुस्तिकेची निकड त्याला जाणवत नाही, आणि ज्यांना जाणवते त्यांच्याकडे त्याचा मोबाइल नंबर असतो. "सर, निकालाची पीडीएफ चढत नाहीये," असा मॅडमचा फोन हळदीच्या कार्यक्रमात, रेल्वेच्या वरच्या बर्थवर किंवा कंपनीच्या मीटिंगमध्ये येतो, आणि "जरा बघतो, रात्री बसतो," असे म्हणून तो खरोखरच रात्री बसतो. त्याने कधी फोन घेतला नाही किंवा ज्यादा पैसे मागितले, अशी तक्रार सहसा ऐकू येत नाही. मात्र जी यंत्रणा तज्ज्ञाला मधून काढण्यासाठी उभारली, तिच्या मधोमध तोच आता अधिक घट्ट बसलेला असतो, आणि मनाच्या एका कोपऱ्यात त्याला ते आवडतही असावे.

एखाद्या सकाळी मात्र संकेतस्थळाच्या जागी नुसते पांढरे पान दिसते. डेटाबेसशी बोलण्यासाठी पीएचपीत फंक्शनांचा जो जुना संच होता तो २०१३ साली कालबाह्य म्हणून घोषित झाला आणि २०१५ च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ७ मधून पार काढून टाकण्यात आला. वर्डप्रेससारख्या प्रणालींनी तोवर आपली व्यवस्था बदललेली होती, कारण त्यांच्या संहितेवर शेकडो माणसांची नजर फिरत होती. प्रणालीकाराच्या संहितेवर त्याच्याखेरीज कोणाचीच नजर फिरलेली नसते, आणि होस्टिंगवाल्याने सर्व्हरवरील पीएचपी बदलल्याची ईमेल ज्या पत्त्यावर आली तो पत्ता त्याने संस्थेच्या नावाने काढून दिलेला असतो आणि तो कोणीही उघडत नाही.

असे असले तरी प्रणालीकाराला केवळ हास्यास्पद ठरवणे इतिहासाला धरून होणार नाही, आणि हा इतिहास त्याला स्वतःला तोंडपाठ असतो. ड्रुपल या प्रसिद्ध प्रणालीचे मूळ बेल्जियममधील अँटवर्प येथील विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातील निरोपांच्या फलकात आहे. जँगो ही रचना अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत, बातमीच्या वेळेशी झुंजणाऱ्या तंत्रज्ञांनी स्वतःच्या गरजेपोटी घडवली आणि २००५ साली सर्वांसाठी खुली केली. "ते पण आपल्यासारखेच होते," असे प्रणालीकार म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. फक्त त्याच्या कथनातून एक तपशील नेहमी गळतो. वर्डप्रेस सुरू करणारा एकोणीस वर्षांचा मॅट मलनवेग आणि त्याला येऊन मिळालेला इंग्लंडमधील माइक लिटल या दोघांनी कोऱ्या पानापासून आरंभ केला नव्हता. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच गृहस्थाने लिहिलेली आणि पुढे वाऱ्यावर सुटलेली बी-टू ही प्रणाली त्यांनी वाचली, समजून घेतली आणि तिच्यावरच पुढचे बांधकाम केले. प्रणालीकारही आपली संहिता जगापुढे ठेवणार असतोच, "थोडं साफ करून मग टाकू" एवढेच त्याचे म्हणणे असते.

ही सफाई म्हणजेच दुसरी आवृत्ती. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाची धुरा वाहिलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या ग्रंथात असे निरीक्षण नोंदवले आहे की, रचनाकाराच्या हातून घडणारी दुसरी प्रणाली ही सर्वांत धोक्याची, कारण पहिलीच्या वेळी संयमाने बाजूला ठेवलेले सगळे अलंकार तो दुसरीच्या अंगावर घालतो. प्रणालीकाराच्या बाबतीत हे मत थोडे दुरुस्त करून घ्यावे लागते, कारण त्याने पहिलीच्या वेळीही काही बाजूला ठेवलेले नसते.

दरम्यान मॅडमनी आपला मार्ग शोधलेला असतो. त्या सूचना वर्डमध्ये जुन्याच टंकात लिहितात, तिची छापील प्रत काढतात, तिच्यावर मुख्याध्यापिकांची सही आणि संस्थेचा गोल शिक्का घेतात, मोबाइलवर तिचा फोटो काढतात आणि तो फोटो 'चित्र' या विभागात चढवतात. या पद्धतीत इकार जागचा हलत नाही, प्रश्नचिन्हे येत नाहीत आणि 'नाही'मधला 'ही' तुटत नाही; उणीव एवढीच की काही सूचना आडव्या पडतात आणि पालकांना मान कलती करून त्या वाचाव्या लागतात. प्रणालीकाराने ही अडचण मनावर घेतली असून तिसऱ्या आवृत्तीत 'चित्र ९० अंशांत फिरवा' असे बटण दिले आहे. ते दाबल्यावर चित्र मुख्य संपादकांच्या मंजुरीसाठी जाते.