तात्यांकडे कारण असतं

तात्यांचं एकच सांगणं असतं, “एकदा शब्द दिला की दिला.” तीसएक वर्षांपूर्वी त्यांनी भाऊंना शब्द दिला, तो आजतागायत मोडलेला नाही. दरम्यान भाऊंनी बरंच काही मोडलं, पण ते तात्यांच्या खात्यावर पडत नाही. भाऊ आमचे आमदार. तात्या त्यांचे गावातले कार्यकर्ते आणि एसटी स्टँडसमोरच्या कृषी सेवा केंद्राचे मालक. युरियाच्या पोत्यावर बसून राजकारण ऐकायचं असेल तर सकाळी नऊच्या आत यावं. नंतर गिऱ्हाइकं येतात आणि तात्यांना नाइलाजानं धंद्याकडे बघावं लागतं.

माणूस लबाड नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेल्या हंगामातली उधारी थकवलेल्यालाही ते बियाणं देतात. खोटं बोलताना त्यांना कुणी पकडलेलं नाही, कारण जे बोलतात त्यावर त्यांचा पहिल्यापासून विश्वास असतो. फक्त हे ‘पहिल्यापासून’ दर दीड-दोन वर्षांनी नव्यानं सुरू होतं.

गल्ल्यामागच्या भिंतीवर एक मोठा फोटो आहे. २०१४च्या लोकसभेच्या वेळचा. व्यासपीठावर पाच जण हातात हात गुंफून, हात उंचावून उभे. मधोमध भाऊ, उजव्या हाताला भाजपचे तालुकाध्यक्ष, डाव्या हाताला शिवसेनेचे तेव्हाचे जिल्हाप्रमुख. शेजारी खतकंपनीचं कॅलेंडर. त्या सप्टेंबरात युती तुटली, तेव्हा कॅलेंडर वीतभर सरकून तालुकाध्यक्षांच्या तोंडावर आलं. डिसेंबरात सेना सरकारात गेली, कॅलेंडर जागेवर. २०१९च्या नोव्हेंबरात पुन्हा तालुकाध्यक्षांवर ग्रहण. जून २०२२ नंतर तालुकाध्यक्ष सुटले आणि जिल्हाप्रमुख झाकले गेले, कारण ते ठाकऱ्यांकडेच राहिले. भिंतीला आता इतके खिळे आहेत की गवंडी बोलवावा लागेल. जुलै २०२३ मध्ये मात्र पंचाईत झाली. अजितदादा सरकारात आले आणि त्यांचा गावातला माणूस त्या फोटोत मुळात नव्हताच. तात्यांनी त्याचा पासपोर्ट साइझ फोटो मागवून घेतला आणि चौकटीच्या कोपऱ्यात खोचला.

यातलं काहीही विचारा, तात्यांकडे कारण तयार असतं. २०१४ ते २०१९ सेना सरकारात होती आणि रोज सरकारवर टीकाही करत होती; मंत्र्यांच्या खिशात राजीनामे आहेत, असं जाहीर सांगितलं जायचं. मी म्हटलं, “तात्या, आत पण तुम्हीच आणि विरोधात पण तुम्हीच?”

“का, घरात राहून माणूस बायकोशी भांडत नाही?” आतून काकूंनी भांडं आपटलं. तात्यांनी विषय बदलला.

पुढे सेना थेट काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर गेली. मला वाटलं, आता तरी तात्या दोन दिवस दुकान बंद ठेवतील. छे! अठ्ठावीस नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर शपथविधीला हजर, स्वतःच्या जीपमध्ये स्वतःच्या पैशाचं डिझेल घालून. “आपण गेलो नाही त्यांच्याकडं, ते आले आपल्याकडं. मुख्यमंत्री कुणाचा झाला?” अडीच वर्षांनी भाऊ सुरतमार्गे गुवाहाटीला पोहोचले. तिथली झाडी आणि डोंगर महाराष्ट्रभर गाजत होते, तेव्हा तात्या दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला कारण तयार. “अर्थखातं राष्ट्रवादीकडं. आपल्या आमदाराला निधीच देत नव्हते. किती दिवस सोसायचं?” मग वर्षभरानंतर तेच अजितदादा त्याच अर्थखात्यावर, यांच्याच सरकारात. मी काही न बोलता नुसतं बघितलं.

“बघतोस काय? आता ते आपल्या हाताखाली आहेत.”

चिन्हाची गोष्ट त्याहून सरस. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगानं धनुष्यबाण गोठवला, तेव्हा तात्या म्हणाले, “चिन्हात काय असतं? विचार महत्त्वाचा.” फेब्रुवारी २०२३ मध्ये तो शिंद्यांना मिळाला, तेव्हा म्हणाले, “चिन्ह म्हणजेच विचार!”

समोरच्या बाजूचं कौतुक करावं, तर तिकडे गुरुजी आहेत. निवृत्त मुख्याध्यापक, पुरोगामी, खादीचा झब्बा. सेनेला धर्मांध आणि प्रांतवादी म्हणण्यात त्यांची हयात गेली. महाविकास आघाडी झाली, त्या आठवड्यात त्यांनी वाचनालयातून प्रबोधनकार ठाकऱ्यांचे खंड नेले ते अजून परत केलेले नाहीत. “सेनेचं मूळ पुरोगामीच आहे हो, मधे जरा वाट चुकली.” मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते चुकलं, पण ठाकऱ्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, म्हणून ते सरकार परत आणता येत नाही. गुरुजींनी निकालाचा पूर्वार्ध वाचून पेढे वाटले, तात्यांनी उत्तरार्ध वाचून. दुकान एकच. हलवाई आमच्या गावातला एकमेव तटस्थ माणूस.

मागाहून कारणं शोधण्याच्या या आजाराचं निदान लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये पुस्तक लिहून केलं आणि बोधात्मक विसंगती असं त्याचं नाव मराठी पाठ्यपुस्तकांत सापडतं. त्याला धागा मिळाला तो आपल्याच देशातून. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. ज्यांना धक्का जाणवला, पण ज्यांच्याकडे पडझड झाली नाही, अशा भागांत अफवा उठल्या की याहून भयंकर संकट येतंय. फेस्टिंगरला प्रश्न पडला, घर शाबूत असताना माणूस स्वतःला आणखी का घाबरवून घेतो? उत्तर सापडलं ते असं, की भीती आधीच बसली होती. तिला शोभेल असं कारण हवं होतं, ते माणसांनी तयार केलं. आमच्याकडे पक्षांतर आधी होतं आणि कारण तिसऱ्या दिवशी साडेआठला येतं, तसंच.

त्याहून मला भावला तो स्टॅनफर्डचा प्रयोग. फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांनी १९५९ मध्ये छापला. पोरांना बसवलं. अर्धा तास एका हातानं बारा रिळं ट्रेमध्ये ठेवायची, काढायची, पुन्हा ठेवायची. पुढचा अर्धा तास पाटीवरच्या अठ्ठेचाळीस खुंट्या एकेक करून पाव-पाव वळणानं फिरवायच्या. जीव विटून जाईल असं काम. मग त्यांना सांगितलं, बाहेर बसलेल्या पुढच्या विद्यार्थिनीला सांगा की फार मजा आली. या खोट्याबद्दल काहींना वीस डॉलर दिले, काहींना एकच. नंतर खरं मत विचारलं. वीसवाले म्हणाले, कसली मजा! एक डॉलरवाल्यांना मात्र ते काम खरोखरच बरं वाटू लागलं होतं. वीसवाल्याला ठाऊक असतं आपण खोटं का बोललो. एवढ्याशा पैशात बोललेल्याला स्वतःची समजूत घालावी लागते.

हे वाचल्यावर मला भाऊ आणि तात्या यांच्यातला फरक कळला. भाऊंना महामंडळ मिळालं, बंधूंना रस्त्याची कामं मिळाली. भाऊंना काहीच पटवून घ्यावं लागत नाही. मागे प्रचाराच्या गाडीत ते मोकळेपणी म्हणाले, “तात्या, सत्तेबाहेर राहून मतदारसंघ टिकत नाही, एवढंच आहे बघ.” मागच्या सीटवर मी होतो. मला वाटलं, झालं, आता कारणांचा कारखाना बंद. घरी उतरताना तात्या मला हळूच म्हणाले, “बघितलंस? मोठी माणसं आपलं मोठेपण असं झाकून बोलतात.”

तात्यांना काय मिळालं? रेशनच्या दक्षता समितीचं सदस्यत्व, दोन शाली आणि वाढदिवसाला एक फोन, तोही आता भाऊंचा पीए करतो. मुलाच्या नोकरीचं पत्र ‘वर पाठवलंय’, ते वरच आहे. २०२२च्या दसऱ्याला हयातभराचं शिवाजी पार्क सोडून ते बीकेसीच्या मेळाव्याला गेले, तेव्हा तिकडून आलेल्या जुन्या सोबत्यानं त्यांच्याकडे बघून मान फिरवली. रात्री त्यांना जेवण गेलं नाही, असं काकू सांगतात. दुसऱ्या दिवशी तात्यांनी मलाच त्या सोबत्याची निष्ठा कशी कच्ची आहे, हे तासभर समजावून दिलं. हिशेब सरळ आहे. तीस वर्षांचं डिझेल, रात्रीची जागरणं आणि तुटलेली माणसं एका बाजूला मांडली, तर दुसऱ्या बाजूला तत्त्वाशिवाय दुसरं काय ठेवायचं? पाच-पन्नास हजार मिळाले असते, तर तात्या केव्हाच मोकळे झाले असते.

परवाच्या नगरपालिकेच्या निवडणुकीत सगळ्यांची सगळ्यांशी भांडणं झाली आणि गावात शहर विकास आघाडी निघाली. तात्या आणि गुरुजी एका बाजूला! छापखान्यात दोघं शेजारी बसले होते. पत्रकाचं शीर्षक ‘आम्ही एकत्र का आलो?’ तात्या भराभर कारणं सांगत होते, गुरुजी त्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत होते. सात कारणांत पान भरलं. छापखानेवाल्यानं विचारलं, “मागच्या बाजूला काय टाकू?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“कोरी ठेव,” तात्या म्हणाले. “निकालानंतर लागंल.”