पंधरा दिवसांचे आचरेकर

ऐकलंत का? लोक म्हणे आता सुट्टी काढून आफ्रिकेत जातात आणि तिथे सिंह बघायचे सोडून शाळेतल्या पोरांना फॉरवर्ड डिफेन्स शिकवतात! तेही पदरमोड करून! तिकीट स्वतःचं, व्हिसा स्वतःचा, लस स्वतःची, किटबॅगेच्या जादा वजनाचा भुर्दंडही स्वतःच्याच खिशाला. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे आपल्याकडे काय कमी आहेत? पण त्यासाठी पौंड मोजून नाव नोंदवायचं? जग डोक्यावर पडलंय की काय?

खूळ मूळचं इंग्रजांचं, हे सांगायलाच नको. 'क्रिकेट विदाउट बाउंड्रीज' नावाची त्यांची एक संस्था २००५ पासून हा उद्योग करते आहे. रुवांडा, युगांडा, केनिया, कॅमेरून, बोट्सवाना... नकाशा काढून बसा. दोनेक आठवड्यांसाठी जायचं, शाळाशाळांतून हिंडायचं, घामाघूम व्हायचं आणि परत येऊन वर्षभर त्याच गप्पा मारायच्या. आधी पैसे उभे करायला केक विकायचे, मॅरेथॉन धावायची, मावशी-काकांच्या मागे लकडा लावायचा. संस्थेचं ठीक आहे हो, ती निदान कामाची तरी. पण तिच्या पलीकडे दुकानं थाटून बसलेल्या पर्यटन कंपन्या बघाल, तर तोंडात बोट घालाल. सकाळी कोचिंग, दुपारी आराम, शनिवार-रविवार सफारी आणि जाता जाता व्हिक्टोरिया धबधबा! पुण्य आणि पिकनिक एकाच पावतीवर. आणखी काय हवं?

बरं, जाणारे कोण? गावच्या तिसऱ्या टीममध्ये अकराव्या नंबरला येणारे आणि कॅच सुटला की उन्हाला दोष देणारे महाशय. विमानातून उतरले की यांचे एकदम रमाकांत आचरेकर होतात. आचरेकर सर स्टंपवर रुपया ठेवायचे, तो मिळवण्यासाठी सचिन जीव टाकायचा. हे स्टंपवर काय ठेवणार, सेल्फी स्टिक? आणि ते फोटो! मध्ये हे, उलटी टोपी, नाकावर पांढरं सनस्क्रीन, भोवती गणवेशातली पंचवीस पोरं. महिनाभरात तोच फोटो डीपीवर, तोच लग्नाच्या ॲपवर, तोच नोकरीच्या प्रोफाइलवर. २०१६मध्ये दोन अमेरिकन बायकांनी 'बार्बी सेव्हियर' नावाचं इन्स्टाग्राम खातं काढून बाहुलीलाच आफ्रिकेच्या उद्धाराला धाडलं होतं, ते उगाच नाही. नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांनी तर २०१२मध्ये त्याहून कडी केली. थंडीत कुडकुडणाऱ्या बिचाऱ्या नॉर्वेजियनांसाठी आफ्रिकेतले लोक रेडिएटर गोळा करताहेत, असा गाण्याचा व्हिडिओच काढला. आपण हसून हसून लोळलो आणि लगेच चार ग्रुपांवर पाठवून दिला.

आता प्रत्यक्ष शिकवणी बघा. सिमेंटचं किंवा लाल मातीचं पटांगण, प्लॅस्टिकची बॅट, टेनिसचा बॉल. पहिला तास सगळा एकाच गोष्टीत जातो: हात कोपरात वाकवायचा नाही. पोरांना फेकायची सवय. दगड फेकला, आंबा पाडला, हात आपोआप वाकतो. मग कोचसाहेब दंड कानाला घासून गोल फिरवून दाखवतात. पोरं तसाच फिरवतात, बॉल वर्गाच्या खिडकीत जातो, हेडमास्तर बाहेर येतात. तिसऱ्या दिवशी त्यांतलीच एक मुलगी साहेबांना क्लीन बोल्ड करते आणि अख्खी शाळा नाचते. साहेब हसतात. आतून काय होत असेल, ते आपल्यालाच ठाऊक.

आणि कहर ऐका. क्रिकेटच्या आडून हे लोक पोरांना एचआयव्हीबद्दलही सांगतात! तपासणी करून घ्या, स्वतःला जपा, हे खेळता खेळता! आपल्या शाळेत कुणी असं बोललं, तर पुढच्या पालकसभेत काय होईल? मुख्याध्यापक रजेवर आणि शिपाई दाराशी. तिकडे मात्र पोरं ऐकतात आणि पुढच्या बॉलची वाट बघतात.

वेड एकदा अंगात भिनलं की कुठवर जातं? डोंगरावर जातं. सप्टेंबर २०१४मध्ये मखाया एन्टिनी, ॲशली जाइल्स, हेदर नाइट अशी चांगली नावाजलेली क्रिकेटर मंडळी किलिमांजारो चढली आणि वरच्या विवरात, साधारण पावणेसहा हजार मीटरवर, मॅच खेळली! श्वास घ्यायची मारामार आणि यांना रन काढायचे. कशासाठी? दानधर्माला पैसे जमवायला. त्यातला वाटा रुवांडात उभारायच्या क्रिकेट स्टेडियमसाठीही. पुढे मे २०१६मध्ये त्याच स्टेडियमसाठी रुवांडाचा कॅप्टन एरिक दुसिंगिझिमाना किगालीत नेटमध्ये बॅटिंग करत उभा राहिला तो तब्बल ५१ तास. एकावन्न! आपल्याकडे नवरा ५१ मिनिटं रांगेत उभा राहत नाही. आणि गंमत ऐका, त्याने मोडलेला आधीचा ५० तासांचा विक्रम कुठला? पुण्याच्या कर्वेनगरातला, डिसेंबर २०१५चा! म्हणजे वेडाचा उगम शेवटी आपल्याच उंबऱ्याशी निघाला. २०१७मध्ये किगालीतल्या गहांगाला ते स्टेडियम उभंही राहिलं.

आता नाकं मुरडून झाली असतील, तर जरा आरशात बघू या. आफ्रिकी क्रिकेटचा हा रोग आपल्याला कधीपासून आहे? २९ फेब्रुवारी १९९६. पुण्याचं नेहरू स्टेडियम. केनियाच्या १६६ धावा आणि लारा-रिचर्डसनची वेस्ट इंडीज ९३त गारद! पुणेकर ज्या दिवशी आफ्रिकेच्या टीमसाठी बेंबीच्या देठापासून ओरडले, तो हा दिवस. पुढे आपल्या संदीप पाटलांनी त्याच केनियाला शिकवून २००३च्या वर्ल्ड कपच्या सेमीफायनलपर्यंत नेलं. तिथे समोर कोण? भारतच! डर्बनमध्ये गांगुलीने शतक ठोकलं, आपण जिंकलो. पण खरं सांगा, दादरमध्ये केनियासाठीही थोडं हळहळलं गेलं की नाही? पाटलांचं काम पगारी आणि पूर्णवेळचं, त्यांना या पंधरवड्याच्या पाहुण्यांत बसवणं अन्याय होईल. तरी रोगाची लागण झाली ती तिथूनच.

आणि तिकडे आफ्रिकेतल्या पोरांनी काय केलं म्हणता? चेष्टाच बंद पाडली. जानेवारी २०२३मध्ये रुवांडाच्या एकोणीस वर्षांखालच्या मुलींनी वर्ल्ड कपात वेस्ट इंडीजला हरवलं. हेन्रिएट इशिम्वेने तर झिम्बाब्वेविरुद्ध चार बॉलांत चार विकेट काढल्या. त्याच वर्षी युगांडाने झिम्बाब्वेला धूळ चारून टी-ट्वेंटी वर्ल्ड कपाचं तिकीट काढलं. त्यांचा अल्पेश रामजानी मूळ मुंबईचा, त्याने त्या वर्षात आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत ५५ विकेट घेतल्या. मुंबईत ज्याला जागा मिळेना, त्याला कंपालाने डोक्यावर घेतलं. बसा आता सिलेक्टरांना शिव्या देत. २०२५मध्ये नायजेरियाच्या एकोणीस वर्षांखालच्या मुलींनी न्यूझीलंडला दोन धावांनी गार केलं. झालं! पंधरा दिवस किगालीत हात फिरवून आलेला प्रत्येक गडी आता कॉलर ताठ करून सांगतो, "त्या इशिम्वेला पहिला बॉल मीच दिला होता." इंग्लंडातल्या पबात अशी शंभर माणसं सापडतील. मुलगी एक, पहिला बॉल शंभर!

आता खोडा घालायचाच, तर एक घालतेच. रुवांडात क्रिकेट रुजवलं ते काही या पाहुण्यांनी नाही. युगांडा-केनियात निर्वासित म्हणून वाढलेले, शाळेत क्रिकेट शिकलेले तरुण १९९४च्या वंशसंहारानंतर मायदेशी परतले, त्यांनी ते सामानाबरोबर आणलं. बेल्जियन राज्य पाहिलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या देशात! आजही रोजचा गाडा ओढतो तो तिथला पीटीचा मास्तर. साहेब विमानात बसले की बॅटा मोजून कपाटात ठेवणारा आणि सोमवारी पुन्हा काढणारा तोच. म्हणून शहाण्या संस्था पोरांइतकाच वेळ मास्तरांना शिकवण्यात घालवतात. बाकीच्यांचं कोचिंग सेल्फीबरोबर संपतं.

एवढं बोलून झाल्यावर विचारते, 'कंपाला क्रिकेट व्हॉलंटियर' असं काल रात्री कुणी कुणी शोधलं? तुम्हीसुद्धा? सोसायटीच्या गच्चीवरून "अरे, डावा पाय पुढे!" असं ओरडण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना यापेक्षा मोठं व्यासपीठ कुठलं? भाचा जाऊन आला, शेजारच्या देशपांड्यांची सून निघाली, माळ्यावरच्या जुन्या बॅटा कुरिअरने गेल्या. आता आपणच मागे का राहायचं? जा बापडे. फक्त एक करा, मास्तरांना आधी भेटा, पोरांना नंतर. आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्या. कार्ड नसेल तर युगांडात शिरू देत नाहीत आणि परत आल्यावर आपलेच विमानतळवाले सहा दिवस कोंडून ठेवू शकतात. मग म्हणू नका सांगितलं नाही.